सुपरवायझर म्हणतो राजीनामा दे, बाळ झाल्यावर परत घेतो

या वेळचं पत्र चाकणहून आलंय. थोडं कापून देते:

"मी एका कंपनीत पॅकिंगला आहे, कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर, दोन वर्षं झाली. पगार साडेसोळा हजार. काम सगळं उभ्याचं. आता पाचवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी जुलैची तारीख दिलीये. सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, कॉन्ट्रॅक्टवाल्यांना मॅटर्निटी नसते, मार्चअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतंच आहे, राजीनामा लिहून दे, बाळ मोठं झालं की परत घेतो. सासूबाई म्हणतात डिलिव्हरी खासगीतच करायची, सरकारीत कोणी बघत नाही. मिस्टर टेम्पो चालवतात, शिल्लक फार नाही. गावाकडे किनवटला जाऊबाईंनापण दिवस गेलेत, त्यांची दुसरी वेळ, पहिला मुलगा आहे. त्या शेतावर मजुरीला जातात. मिस्टर म्हणतात सरकारचे कायदे आणि योजना सगळं कागदावर असतं. खरंच असतं का हो?"

ताई, बाकी सगळं नंतर, आधी हे ऐका. राजीनामा द्यायचा नाही. कोऱ्या कागदावर सही नाही, "वैयक्तिक कारणाने काम सोडत आहे" असलं काही छापून आणलं तर त्यावर तर नाहीच नाही. गरोदर बाईला कामावरून काढलं तरी तिचा मॅटर्निटीचा हक्क बुडत नाही, हे १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातच लिहिलेलं होतं, पण तुम्ही स्वतःहून सोडलं असं कागदावर आलं की मग सगळी लढाई तुमच्या अंगावर येते आणि सुपरवायझरला हे तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये, म्हणून तर तो काढत नाहीये, लिहून मागतोय.

आता तुमची पे-स्लिप काढा. व्हॉट्सॲपवर पाठवत असतील तर तिथे शोधा, नसेल तर ऑफिसातून मागून घ्या. कपातीच्या रकान्यात पीएफच्या खाली किंवा आसपास ईएसआय असं काहीतरी असेल, साडेसोळा हजारावर पाऊण टक्का म्हणजे साधारण १२४ रुपये. एवढीशी रक्कम म्हणून कोणी बघत नाही. पण तुमच्या पत्रातल्या अर्ध्या प्रश्नांचं उत्तर त्या १२४ रुपयांत आहे. महिना २१,००० पर्यंत पगार आणि दहा किंवा जास्त लोकांचं युनिट असेल तर राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो, आणि तसं असेल तर तुमच्या सुट्टीचा पगार कॉन्ट्रॅक्टरने द्यायचाच नसतो, तो ईएसआय महामंडळ देतं, थेट तुमच्या बँक खात्यात. २६ आठवडे, रोजच्या सरासरी पगाराइतके पैसे. पूर्ण पगारावर कपात होत असेल तर ढोबळ हिशोबाने लाखाच्या आसपास रक्कम होते ही. म्हणजे तुमचा सुपरवायझर जे वाचवायला बघतोय ते त्याच्या खिशातून जाणारच नाहीये! कित्येक छोट्या कॉन्ट्रॅक्टरांना हे खरोखर माहिती नसतं, काहींना माहिती असतं पण कपात केलेली वर्गणी भरलेलीच नसते म्हणून घाबरतात.

आणि नसेल भरली तरी तुमचं नुकसान व्हायला नको, कारण नियमात "भरलेली किंवा भरायला हवी असलेली" वर्गणी मोजतात. शिवाय कॉन्ट्रॅक्टरच्या कामगारांची वर्गणी भरायची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते, तिने भरायची आणि मग कॉन्ट्रॅक्टरकडून वसूल करायची. तुमचा विमा क्रमांक टाकून ईएसआयच्या वेबसाइटवर कुठल्या महिन्याची भरलीये कुठली नाही ते दिसतं, मिस्टरांना मोबाईलवर बघायला सांगा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पात्रतेचं गणित असं आहे. ईएसआयचं वर्ष दोन सहामाह्यांत मोजतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुमची तारीख जुलैत, म्हणजे मागच्या दोन्ही सहामाह्या धरून ७० दिवसांची वर्गणी असली की झालं, आणि तुम्ही तर दोन वर्षं काम करताय. मोजणी मागच्या वर्गणीवर होते म्हणून मार्चअखेर त्यांनी काम बंद केलं तरी क्लेम करायचा, "आता तू आमच्याकडे नाहीस" हे उत्तर ऐकून परत फिरायचं नाही. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात, बाकीचे नंतर. तुमच्या तब्येतीला झेपत असेल तर आधी कमी घ्या, नंतर बाळाबरोबर जास्त दिवस मिळतील, पण हे डॉक्टरांना विचारून, माझ्या सांगण्यावरून नको.

ईएसआय नसेलच तर मग मातृत्व लाभ कायदा. आता नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे कामगारांचे नवे एकत्र केलेले कायदे, लागू झालेत त्यामुळे हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, पण मूळ गोष्टी त्याच आहेत: दहा किंवा जास्त माणसं असलेली जागा, तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा. २०१७ च्या आधी १२ आठवडेच होते. तिथे मात्र पैसे मालकाने द्यायचे.

"कॉन्ट्रॅक्टवाल्यांना नसते" हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक एमआयडीसीत रोज कोणी ना कोणी कोणाला तरी ऐकवत असणार. दिल्ली महापालिकेत रोजंदारीवर मस्टरवर काम करणाऱ्या बायकांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, रस्त्याच्या कामावरच्या बायका होत्या, महापालिका म्हणत होती या कायम नाहीत म्हणून यांना लाभ नाही, कोर्टाने २००० साली सांगितलं की मिळणार, रोजंदारीवरची असली तरी बाईचं बाळंतपण तेच असतं. आणि २०२३ ला तर नेमका तुमच्यासारखा मुद्दा होता, दिल्लीतल्याच एका सरकारी हॉस्पिटलातल्या कॉन्ट्रॅक्टवरच्या डॉक्टरबाईंचं कॉन्ट्रॅक्ट गरोदरपणात संपलं, हॉस्पिटल म्हणे संपल्या तारखेपर्यंतचेच दिवस देऊ, सुप्रीम कोर्ट म्हणालं नाही, पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ द्या, कॉन्ट्रॅक्टच्या तारखेच्या पुढे गेला तरी. डॉक्टर असूनसुद्धा बाईला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं हेही खरंच आहे, पण ती गेली म्हणून तुम्हाला आता एका अर्जात तो निकाल लिहिता येतो.

उभ्याच्या कामाचं. तारखेच्या साधारण दहा आठवडे आधीपासून जड काम किंवा सलग उभं राहायचं काम देऊ नका अशी मागणी करता येते आणि ती नाकारता येत नाही. त्याआधी पाय सुजत असतील, बीपी वर जात असेल तर डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या आणि आत्ताच बसून करायचं काम मागा. लेबल लावणं, मोजणी, असं काहीतरी असतंच प्रत्येक पॅकिंग लाईनला.

आता थोडं विषयांतर, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा पैसा कोणी द्यायचा हा वाद आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायकांच्या प्रसूती लाभाचं बिल चर्चेला होतं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा सदस्य होते, ते बिलाच्या बाजूने बोलले. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा, पण मालकालाही त्या बाईच्या कामाचा फायदा होतो तेव्हा त्याच्याकडून घेणं चूक नाही. १९२९ ला मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, देशात पहिला. आणि आज २०१७ ची दुरुस्ती बघा, आठवडे १२ चे २६ केले, छान केलं, पण खर्च सगळा त्या एका मालकावर टाकला. मग इंटरव्ह्यूला मुलींना "लग्न झालंय का, प्लॅनिंग काय" विचारणं वाढणारच ना. माझ्या मते ईएसआयचीच पद्धत बरोबर आहे, सगळ्यांकडून थोडं थोडं गोळा करायचं आणि ज्या बाईला वेळ येईल तिला द्यायचं, मग तिला कामावर ठेवणाऱ्याला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही. असो.

मिस्टरांचा प्रश्न. "कागदावर असतं" हे अर्धं खरं आहे. अर्धं का ते सांगते. २००१ ते २००३ या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ बायका बाळंतपणाशी निगडित कारणाने जात होत्या, २०१८ ते २० मध्ये तो आकडा ३३ वर आला. देशाचा ३०१ वरून ९७. बायकांची शरीरं काही बदलली नाहीत वीस वर्षांत. अति रक्तस्राव, बीपी वाढून येणारे झटके, जंतुसंसर्ग, मारणाऱ्या गोष्टी त्याच आहेत आणि प्रत्येकीवर औषध तेव्हाही होतं, स्वस्तातलं होतं. बाई त्या औषधापर्यंत पोचत नव्हती. घरात ठरवायला उशीर, मग गाडी मिळायला उशीर, मग दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर नाही, रक्त नाही, म्हणून उशीर. २००५ ला जननी सुरक्षा योजना आली आणि गावोगाव आशा, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, नेमल्या गेल्या तो पहिल्या उशिरावरचा उपाय, १०२ आणि १०८ च्या गाड्या दुसऱ्यावर, आणि २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, म्हणजे जेएसएसके, तिसऱ्यावर, ज्यात सरकारी दवाखान्यात डिलिव्हरी, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, जायची यायची गाडी सगळं फुकट असायला पाहिजे, आणि बाळ आजारी पडलं तर एक वर्षाचं होईपर्यंत त्याचाही उपचार. हे कागदावरून जमिनीवर आलं म्हणूनच १४९ चे ३३ झाले. ते ३३ सुद्धा कमी नाहीत हां.

कागदावर राहतं ते कुठे? तर जिथे मागणारं कोणी नसतं तिथे. "हे इंजेक्शन बाहेरून आणा" म्हणाले आणि नातेवाईक मुकाट्याने मेडिकलला पळाले, की तो फुकटचा हक्क तिथेच संपला. तेव्हा घरच्यांनी विचारायचं, बाई, जेएसएसकेमध्ये हे मिळतं ना, स्टॉकला नाही असं लिहून द्या. आवाज न चढवता. बरेचदा औषध मिळतं.

सासूबाईंची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. सरकारी लेबर रूममध्ये बायकांवर ओरडतात, एका कॉटवर दोघी असतात, हे ऐकलेलं नाही असं घर नसेल. पण खासगीतलं पण बघा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत जवळपास निम्म्या डिलिव्हऱ्या सिझेरियनने झाल्या होत्या, सरकारीत १४ टक्क्यांच्या आसपास. निम्म्या बायकांना खरंच गरज होती असं कुठलाही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. म्हणून सरकारी की खासगी असा वाद घालूच नका, जे हॉस्पिटल बघाल तिथे जाऊन विचारा: रात्री दोन वाजता सिझेरियन लागलं तर डॉक्टर आणि भूल देणारे इथे असतात का, की बोलवावे लागतात? रक्त इथेच मिळतं की पुण्याहून आणायचं? बाळ रडलं नाही, कमी वजनाचं निघालं तर इथे बाळांचं आयसीयू आहे का, नसेल तर कुठे पाठवता? तुमच्या गल्लीतलं टाइल्स लावलेलं दहा कॉटचं नर्सिंग होम या प्रश्नांत नापास होऊ शकतं. चाकणचं ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय मोठं आहे, ईएसआयचं कार्ड असेल तर त्यांचंही हॉस्पिटल आहे, तिन्हीकडे एकदा सासूबाईंना सोबत घेऊनच जाऊन या. त्यांनी डोळ्यांनी बघितलं की निम्मा वाद मिटेल, किंवा वाढेल, पण निदान बघून वाढेल.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान, २०१६ पासून चालू आहे. तुम्ही खासगीत नाव घातलेलं असलं तरी जाता येतं. बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, शुगर बघतात आणि धोका वाटला तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. लाल लागलं तर घाबरायचं नाही, पण मग मोठ्या हॉस्पिटलशिवाय दुसरीकडे डिलिव्हरी करायची नाही एवढं पक्कं. आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना? देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि अशा बाईला थोडा जरी जास्त रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, अंगाला लागत नाही. संडास काळी होते ते नॉर्मल आहे, त्याला घाबरून कित्येकजणी बंद करतात.

बाळाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या गडचिरोलीची आहे. नव्वदच्या दशकात तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करायच्या, ताप बघायच्या, श्वास मोजायच्या, ऊब द्यायला शिकवायच्या आणि गरज लागली तर जंतुसंसर्गावर औषध द्यायच्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला हे लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने हीच पद्धत आशांच्या कामात घातली. म्हणून आज तुमच्या दारात आशा ताई ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी येते, म्हणजे यायला हवी. पिशवीत थर्मामीटर असतो, झोळीचा वजनकाटा असतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावा, ६० किंवा जास्त आले तर वाट बघत बसायचं नाही, दवाखाना. "बाळंतिणीच्या खोलीत परक्या बाईला नको" असं घरात कोणी म्हणालं तर तुम्ही आतून आवाज द्या, या ताई.

आणि हॉस्पिटलातून निघताना कोणी पावडरच्या दुधाचा डबा फुकट दिला किंवा भिंतीवर गुटगुटीत बाळाची पावडरची जाहिरात दिसली तर लक्षात ठेवा की हे बेकायदेशीर आहे, १९९२ पासून त्यावर कायदा आहे, फुकट सॅम्पल वाटता येत नाही आणि जाहिरातही करता येत नाही. पहिल्या तासात अंगावर घ्या, पहिलं चिकाचं पिवळसर दूध पिळून टाकू देऊ नका. सिझेरियन झालं तरी पाजता येतं, नर्सला मदत मागा.

जाऊबाईंचं वेगळं आहे. त्यांना ना मालक ना पे-स्लिप, म्हणून २६ आठवडे वगैरे काही नाही, आणि मला विचाराल तर या देशाच्या मातृत्व कायद्यातलं सगळ्यात मोठं भोक हेच आहे, कारण बहुतेक बायका त्यांच्यासारख्याच काम करतात. त्यांच्यासाठी आहे ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना: पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. मुलगा झाला तर नाही. मुलीला प्रोत्साहन म्हणून असं केलंय, पण त्या बाईची बुडालेली मजुरी मुलगा झाला म्हणून कमी बुडते का, तुम्हीच सांगा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर बाईला किमान ६,००० असं लिहिलंय, त्यात पहिलं दुसरं असं काही नाहीये, योजनेने नंतर कात्री लावली. तरी नाव अंगणवाडीत आत्ताच घालून ठेवायला सांगा, आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं, आणि जन्माची नोंद २१ दिवसांत. रेशनकार्ड दारिद्र्यरेषेखालचं असेल किंवा त्या अनुसूचित जाती-जमातीतल्या असतील तर जननी सुरक्षाचे ७०० रुपये पण मिळतात ग्रामीण भागात. त्यांचं गाव अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रात मोडत असेल तर अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं रोजचं एक वेळचं गरम जेवण त्यांचा हक्क आहे, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत. तिथेच बसून जेवायला सांगा, डबा घरी नेला की तो घरातल्या सगळ्यांत वाटला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही मात्र ईएसआयचे पैसे घेणार असाल तर मातृवंदनाचा फॉर्म भरू नका, दुसऱ्या कायद्याखाली लाभ घेणाऱ्यांना ती योजना नाही. उगाच नंतर वसुली नको.

अर्ज असा लिहा, साध्या मराठीत, कॉन्ट्रॅक्टर आणि मूळ कंपनीचा एचआर दोघांच्या नावाने:

"मी आपल्याकडे अमुक तारखेपासून काम करत आहे. मी गरोदर असून प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी अमुक तारखेपासून मातृत्व रजेवर जाणार आहे. माझा ईएसआय विमा क्रमांक अमुक आहे, तरी आजपर्यंतच्या सर्व वर्गणीची नोंद करून घ्यावी. मी राजीनामा दिलेला नाही व देणार नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. दुसऱ्या प्रतीवर सही शिक्का आणि तारीख घ्या, कोणी घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तीच प्रत घेऊन ईएसआयच्या शाखेत, आणि ईएसआय नसेल तर पुण्याला कामगार आयुक्त कार्यालयात जा. एकट्या जाऊ नका, मिस्टरांना एक दिवस टेम्पो बंद ठेवायला सांगा, खासगीत नोकरी करणाऱ्यांना आणि स्वतःचा धंदा असणाऱ्यांना बाप झाल्याची रजा द्यायचा कायदा अजून तरी आपल्याकडे नाहीये, तेव्हा त्यांची ती रजा अशीच सुटीसुटी काढून घ्यायची.